पहिलं कडवं

बी.एस्सी. होऊन मी चिंचवडला आलो तेव्हा माझ्याजवळ दोन कागद होते. एक पदवीचा आणि दुसरा आमच्या गावच्या चर्चच्या पाळकांनी दिलेलं बदलीपत्र. हा तरुण आमच्या मंडळीचा सभासद आहे, आपण त्याला आपल्या मंडळीत घ्यावं, एवढाच त्या पत्राचा मजकूर. पदवीच्या कागदावर एका नव्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांची कच्ची नोकरी मिळाली. बदलीपत्रावर कॉयर, म्हणजे उपासनेत गाणारा संच, मिळाला.

आमची मंडळी स्टेशनजवळच्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत भरायची. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, सात-आठ बाक आणि एक हार्मोनियम. माणसं बहुतेक नगरकडची; कुणी देहूरोडला डेपोत, कुणी खडकीला, कुणी रेल्वेत. कॉयर चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत, पण ते शाळेतले मास्तर नव्हते. ते फिटर होते. दिवसभर पाना चालवून आलेल्या बोटांनी ते हार्मोनियम इतकं हलकं वाजवत की मला पहिल्या दिवशी आश्चर्य वाटलं होतं. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या चार आवाजांच्या गायनाचा त्यांना फार अभिमान. माझा आवाज त्यांनी एकदाच ऐकला आणि मला टेनरमध्ये, पुरुषांच्या वरच्या आवाजात, उभं केलं.

गाणं मीही बोर्डिंगातच शिकलो. ते शिक्षण मला फुकट मिळालं, कारण माझी आई त्या बोर्डिंगात भाकऱ्या करायची. सत्तर मुलांच्या भाकऱ्या, दोन वेळच्या. वडील गावच्या देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, झाडलोट करायचे आणि घंटा वाजवायचे. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. नाताळच्या सकाळी मी पांढरा सदरा घालून बाकी मुलांबरोबर देवळात गायचो, आणि आई त्या वेळी चुलीपाशी असायची, कारण उपासना सुटली की सत्तर मुलं जेवायला यायची. असे आठ नाताळ गेले. तिनं मला देवळात गाताना एकदाही ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हा कधी खुपलं नाही. कॉलेजात गेल्यावर खुपायला लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सरावाला बसलो असताना मास्तरांनी वही उघडली आणि वर न बघता म्हणाले, "पहिलं कडवं यंदा तू."

नाताळच्या उपासनेचं सुरुवातीचं गाणं मास्तरांच्या वडिलांनी बांधलेलं होतं. थंडीत झोपलेल्या मेंढपाळांना कुणीतरी हाक मारून उठवतं, असं काहीसं ते होतं. त्याचं पहिलं कडवं एकट्यानं गायचं, हार्मोनियमशिवाय. दुसऱ्या कडव्यापासून सगळा कॉयर आणि मग सगळी मंडळी. मी जुलैत आलेला नवा माणूस; माझ्याहून चांगले दोन आवाज तिथं बसलेले होते. पण कुणी कुरकुर केली नाही. सगळे आपापल्या वह्यांत बघत राहिले. अल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात, गाणारी आक्का, साठीच्या पुढची, कॉयरमध्ये सर्वांत जुनी, तिनं फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी समजलो की हा माझ्या आवाजाचा मान आहे. आणि थोडासा पदवीचाही.

त्यानंतर लोक माझ्याशी फारच प्रेमानं वागू लागले. कुणाच्या घरून कालवणाचा डबा यायचा. रविवारी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी बाकावर सरकून जागा करायचे. मी आलो की बोलणारे आवाज खाली आणायचे. आक्कानं एकदा मला म्हटलं, "लई धीराचा हायेस रं बाळा. शिकल्यालं माणूस दावत न्हाई." मी नम्रपणे हसलो. मला वाटलं, ती कच्च्या नोकरीविषयी, एकट्यानं राहण्याविषयी बोलते आहे. त्याच आठवड्यात मी वडिलांना पत्र लिहिलं, त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: "इथे पदवीधराला फार मान आहे."

त्या पत्रात मी पुढे लिहिलं होतं की नाताळात पहिलं कडवं मी एकटा गाणार आहे, तेव्हा आईला घेऊन या. यंदा बोर्डिंगाच्या चुलीपाशी दुसऱ्या कुणाला तरी उभं राहू दे.

वडील आमच्या गावच्या गुरुजींकडून पत्रं लिहून घेत. उत्तर आलं. तुझ्या आईला प्रवास झेपायचा नाही, मी एकटा येतो, नोकरी नीट कर, साहेबांना उलट बोलू नकोस. आणि शेवटी: थंडी पडली आहे, सायकलवर बसताना डोकं बांधत जावं, असं तुझी आई म्हणते.

मी हिरमुसलो, पण हटलो नाही. कच्च्या नोकरीत रजा मागणं धोक्याचं होतं, तरी मनाशी ठरवलं की तेवीस तारखेला एक दिवसाची रजा मागायची, स्वतः गावी जायचं आणि तिला घेऊन यायचं. झेपत नसेल तर गाडीत झोपवून आणीन.

डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी कारखान्याचा भोंगा झाल्यावर मी तसाच सायकलवरून सरावाला गेलो. ऊन पत्र्यावरून उतरत होतं. आम्ही बाराजण होतो. मास्तर हार्मोनियमचा भाता उघडून सरावापुरता सूर धरून बसले होते आणि मी उभा राहून पहिलं कडवं गायलो. चांगलं गायलो. संपल्यावरही मास्तरांनी सूर तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता सांगावं.

मी म्हणालो, "मास्तर, नाताळला पुढच्या बाकावर एक जागा ठेवाल का? मी आईला आणणार आहे."

मास्तरांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. दुसरा हात भात्यावरून सुटला आणि तो सूर हळूहळू खाली बसत गेला, शेवटी नुसती हवा आली आणि थांबली. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, पुढचा बाक पाळकांच्या घरच्यांसाठी असेल, मी नको ते मागितलं. मी म्हणालो, मागे बसली तरी चालेल, तिला ऐकू येतं चांगलं.

आक्का मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडाशी नेला.

मास्तरांनी मला विचारलं, "पहिलं कडवं कुणाला देतात, हे तुला कुणी सांगितलं नाही का?"

मी म्हणालो, नाही.

त्यांनी मग मला सांगितलं. ते मी त्यांच्या शब्दांत लिहू शकत नाही, कारण त्यातले निम्मे शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत. पण रीत अशी होती. आमच्या आसपासच्या सगळ्या गावांत ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं, ते घर त्या वर्षी सण करत नाही. कढई चढत नाही, शेजारी फराळ आणून देतात. आमची माणसं ख्रिस्ती झाली तरी ही गोष्ट हाडात राहिली होती. घरात माणूस गेलेलं असलं की ते घर नाताळाला यायचंच नाही, दार लावून बसायचं. तेव्हा मास्तरांच्या वडिलांनी ही रीत पाडली की सण त्याच घराच्या तोंडून सुरू व्हायचा. ज्याच्या घरात गेलं, त्यानं पहिलं कडवं गायचं. त्यानं गायलं की मग बाकीच्यांनी. दुःखाची चर्चा कुणी करायची नाही. कडवं दिलं, यातच सगळं आलं.

आक्काची पुतणी माझ्या गावाशेजारच्या गावात दिलेली होती. ती दिवाळीत माहेरपणाला आली तेव्हा तिनं सांगितलं होतं की बोर्डिंगात भाकऱ्या करणारी बाई, जिचा मुलगा बी.एस्सी. झाला, ती तापानं गेली. तीन दिवसांचा ताप. आक्कानं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी वहीत माझं नाव लिहिलं. मला ठाऊक नसेल, ही शंका कुणालाच आली नाही. आई गेलेली मुलाला ठाऊक नाही, असं कधी असतं का?

मी विचारलं, "कधी?"

आक्का म्हणाली, "दिवाळीच्या आधी बाळा. दोन रविवार आधी."

मी रडलो नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. मला रडूच येईना. माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला होता. दिवाळीच्या आधी दोन रविवार. त्यानंतर वडिलांची तीन पत्रं आली होती.

खोलीवर जाऊन मी ती पत्रं सतरंजीवर ओळीनं मांडली. पहिल्यात: घरी सर्व क्षेम. दुसऱ्यात: तुझ्या आईचे आशीर्वाद. तिसऱ्यात ते थंडीचं. तिन्ही पत्रं ती गेल्यानंतरची. मी पुन्हा पुन्हा तारखा बघत होतो, प्रयोगशाळेत आकडा चुकला की बघतो तसा.

माझे वडील कसे होते ते सांगितल्याशिवाय मला काय वाटलं ते कळणार नाही. चौथीत असताना मी शाळेतून खडूचे तीन तुकडे खिशात घालून घरी आणले होते. वडिलांनी ते पाहिले, तसंच मला घेऊन शाळेत गेले आणि गुरुजींच्या टेबलावर माझ्या हातानं ते ठेवायला लावले. गुरुजी हसले. वडील हसले नाहीत. त्या माणसानं गुरुजींसमोर बसून, गेलेल्या बायकोच्या नावानं मला निरोप लिहवून पाठवले होते. आई गेली हे मला त्या दिवशी नीट कळलंच नाही. वडील खोटं बोलले, एवढंच कळलं, आणि त्यानंच मी सुन्न झालो होतो.

सोमवारी कामावर एक नळी धुतली, पुसली, आणि मग पुन्हा धुतली. शेजारच्या सहकाऱ्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

पाळकसाहेब खोलीवर येऊन गेले. त्यांनी गावी जाण्याचा सल्ला दिला. मास्तरही आले आणि दारातच उभे राहून म्हणाले की चूक सर्वस्वी आमची आहे, कडवं मी गाईन, तू मोकळा आहेस. मी रजेचा अर्ज लिहिला. नोकरीला सहा महिने पुरे व्हायला पंधरा दिवस राहिले होते आणि तेवढ्यात रजा मागणाऱ्याचं काय होतं, ते मी ऑक्टोबरात एकाच्या बाबतीत पाहिलं होतं. ते मीच वडिलांना पत्रात कळवलं होतं: इथे घरच्या कारणासाठीही गैरहजर राहिलं तर नाव कमी करतात. ऑफिसच्या दाराशी अर्ज हातात धरून उभा असताना मला माझंच ते वाक्य आठवलं. वडिलांना ते पत्र कधी मिळालं असेल, याचाही हिशेब झाला: आई तापात असताना. मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि परत फिरलो. त्यांनी जे केलं होतं ते बरोबर होतं असं मला वाटत नव्हतं. पण ते वाया घालवणं माझ्या हातून होईना.

मग वडिलांना पत्र लिहायला बसलो. मला कळलं आहे, असं लिहायचं होतं. पण ते पत्र गुरुजी वाचून दाखवणार, वडील समोर जमिनीवर बसून ऐकणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. मी लिहिलं: "आईला प्रवासाचा त्रास नको. तुम्ही एकटेच या." टपालात टाकल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

कडवं मी सोडलं नाही. मास्तरांना एवढंच म्हणालो की वहीत नाव राहू द्या. आक्कानं तेव्हा रीतीतली उरलेली गोष्ट सांगितली: जो गातो, त्याच्या घरची जी माणसं हजर असतील, ती सगळी त्या वेळी उभी राहतात. बाकी मंडळी बसून राहते.

पुढच्या रविवारी आम्ही घरोघर गात फिरलो, दिवसाउजेडी, कारण बायका बरोबर असायच्या. दिघीला तीन घरं होती, नदी ओलांडून सांगवीला दोन. ज्वारीच्या शेतांतून वाट, पुढे मास्तर गळ्यात हार्मोनियम अडकवून. सांगवीच्या घरातल्या बाईनं गाणं झाल्यावर विचारलं, "यंदा कोण?" कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. तिनं पुढे येऊन माझ्या डोक्याला बांधलेला मफलर नीट केला आणि आत गेली. आई म्हणते, डोकं बांधत जावं. मी ते पाळत होतो.

वडील चोवीस तारखेला संध्याकाळच्या गाडीनं उतरले. हातात पितळी डबा. ते वाळले होते. मी एक वाक्य दहा दिवस घोकून ठेवलं होतं, ते फलाटावर म्हणायचं होतं. ते म्हणाले, "नोकरी हाय ना नीट?" मी म्हणालो, आहे. आणि ते वाक्य राहूनच गेलं.

डब्यात करंज्या होत्या. म्हणाले, "घरनं आणल्यात." आई करंजीची कड कातण्यानं कापायची, नागमोडी. या करंज्यांच्या कडा अंगठ्यानं दाबलेल्या होत्या, जाड, ओबडधोबड, आणि घंटेच्या दोरानं घट्टे पडलेल्या अंगठ्याचा ठसा जागोजागी उठला होता. मी दोन खाल्ल्या. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "बऱ्या झाल्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नेहमीसारख्या.

उभं राहण्याची रीत मी त्यांना सांगायला हवी होती. सांगितली नाही. ती भीती होती की राग होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाताळच्या सकाळी वखार भरली होती. वडील सवयीनं सर्वांत मागे, दाराजवळ बसले, पटका मांडीवर ठेवून. पाळकांनी प्रार्थना केली. मास्तरांनी हार्मोनियमवर एकदा सूर दिला आणि हात उचलून मांडीवर ठेवले. मी उभा राहिलो.

वडिलांच्या शेजारी ते म्हातारे गृहस्थ बसले होते, मला जागा करून देणारे. त्यांनी वाकून वडिलांना काहीतरी सांगितलं. वडिलांचे ओठ हलले. ते काय विचारत होते ते मला समोरून दिसत होतं. कशापायी? त्या गृहस्थांनी पुन्हा वाकून दोन-चार शब्द सांगितले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. मला वाटतं, अकरा दिवसांपूर्वी याच ठिकाणी माझीही तशीच झाली असेल. पुढच्या बाकाची पाठ धरून ते उठले. पटका खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. सबंध वखारीत आम्ही दोघंच उभे होतो.

मी गायलो. सूर हलला नाही, शब्द विसरलो नाही. ते कसं झालं, मला सांगता येत नाही. दुसऱ्या कडव्याला माझ्या पाठीमागून आक्काचा आवाज उठला, मग सगळ्यांचे.

उपासना सुटल्यावर लोक बाहेर चहासाठी थांबले. आम्ही दोघं वखारीच्या मागच्या बाजूला गेलो.

"कुणी सांगितलं?"

"कॉयरमधल्या लोकांनीच. त्यांना वाटलं, मला माहीत आहे."

"कवा?"

"अकरा दिवस झाले."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "म्हंजी आईला तरास नको, आसं तू लिवलंस, तवा तुला ठावं व्हतं?"

मी म्हणालो, हो. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडेच बघत राहिले. खडूच्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. ओळख पटवत असल्यासारखं.

मला एक विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर काय यावं हेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. "मला कळवू नका, असं आई म्हणाली होती का?"

"न्हाई," ते म्हणाले. "तिला शुद्धच नव्हती. मी ठरवलं. तुझी नोकरी गेली आस्ती."

ते हो म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना ते कळत होतं, तरी त्यांनी खरंच सांगितलं.

"आणि डोकं बांधायचं?"

"त्ये तिचंच. दर साली म्हणायची. गुरुजीस्नी म्हणलं, तेवढं लिवा."

आक्का बशीत फराळ घेऊन तिथंच आली. तिनं वडिलांना सलाम केला आणि म्हणाली, "दादा, घ्या. तुमच्या लेकानं सण सुरू केलाय." वडिलांनी करंजी उचलली, कड निरखून पाहिली आणि अर्धी मला दिली.

जानेवारीत माझी नोकरी कायम झाली. रजा घेऊन गावी जाऊन आलो, आईच्या कबरीपाशी जाऊन आलो. पुढच्या वर्षी पहिलं कडवं दुसऱ्या घरात गेलं, पण एक गोष्ट बदलली होती. वहीत नाव लिहिण्याआधी मास्तर त्या घरी जाऊन बसू लागले आणि काय झालं ते तोंडानं विचारू लागले. त्यांना ते फार जड जायचं. दोन-तीन वेळा त्यांनी मला बरोबर नेलं. मी नुसता शेजारी बसायचो.

वडील त्यानंतर नऊ वर्षं होते. थंडी सुरू झाली की त्यांच्या पत्राच्या शेवटी डोकं बांधण्याची सूचना असायचीच. फक्त कुणी म्हटलं आहे, ते लिहिलेलं नसायचं.